ओपनडब्ल्यूआरटीला पहिला पॅच पाठवायचाय? मग आधी हे वाचून घ्या भो

मामाची केळीची बाग सावद्याजवळ आहे, मोटारीच्या खोलीत एक राउटर लावलाय आणि त्याला दोन कॅमेरे, कारण मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरमधे टाकायची लिनक्सवरची ओपन सोर्स सिस्टीम) टाकलंय, वायरगार्डने (इंटरनेटमधून सुरक्षित बोगदा, म्हणजे टनेल, काढणारं व्हीपीएन) तो मामाच्या घरच्या राउटरला जोडलाय, मामी घरी बसून मोबाइलवर बाग बघते. सगळं मस्त, फक्त लाइट गेली की मेलं. लाइट परत येते, राउटर चालू होतो, सिमचं नेट पण येतं, टनेल मात्र उभा राहत नाही, आणि मग मामाचा फोन, "अरे भाच्या, तुह्या डबड्याले पुन्हा काय झालं रे, कॅमेरा दिसून नही राह्यला."

तिथून माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, सुरू झाला. सहा ओळींचा. त्या सहा ओळींना मला पाच आठवडे लागले आणि त्यातला कोड लिहायचा वेळ असेल एक संध्याकाळ, म्हणून हे लिहितोय, कारण जळगाव-धुळ्याकडची कॉलेजची पोरं विचारतात की ओपन सोर्सला कोड कसा द्यायचा आणि त्यांना वाटतं कोड येत नाही म्हणून अडलंय. कोडने नाही अडत, बाकीच्या गोष्टींनी अडतं.

आधी थोडं मागचं. २००२ च्या शेवटी लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर आला, त्याच्या पोटात लिनक्स निघालं, लिनक्स जीपीएल लायसन्सवर असतं म्हणजे सोर्स कोड द्यावाच लागतो, लोकांनी मागे लागून तो २००३ मधे बाहेर काढायला लावला, आणि २००४ मधे त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. मधे २०१६ ला भांडण होऊन काही डेव्हलपर लेडे नावाने वेगळे झाले, २०१८ ला परत एकत्र आले, भावकीत होतं तसंच. आज शेकडो मॉडेलच्या राउटरवर हे चालतं.

आता मुद्दा. कोडला हात लावायच्या आधी खात्री करा की तो खरंच बग आहे. मी नव्हती केली. मी रात्री बसून लांबलचक तक्रार लिहिली होती की वायरगार्ड बिघडलंय वगैरे, नशीब पाठवली नाही. झालं काय होतं ऐका. या स्वस्त राउटरांमधे घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली की वेळ पुसली जाते, चालू होताना ओपनडब्ल्यूआरटीची सिसफिक्सटाइम नावाची स्क्रिप्ट ईटीसी फोल्डरमधल्या सगळ्यात नव्या फाइलची तारीख बघते आणि तीच आजची वेळ धरते, मग इंटरनेट आलं की राउटर एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ लावायची पद्धत) खरी वेळ घेतो. आता वायरगार्डच्या पहिल्याच पॅकेटमधे वेळेचा शिक्का असतो. समोरचा राउटर शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना आला की पॅकेट गुपचूप फेकून देतो, कोणी जुनं पॅकेट पकडून परत पाठवू नये म्हणून. म्हणजे बागेतला राउटर म्हणतोय आज मागचा मंगळवार आहे, घरचा म्हणतो मी तर तुला काल बघितलं, चल निघ. तरी एनटीपीने वेळ दुरुस्त झाली की दोन मिनिटांत जमायला पाहिजे, पण मी शहाण्याने सगळा ट्रॅफिक टनेलमधून वळवला होता, एनटीपीसुद्धा. टनेलला वेळ पाहिजे, वेळेला टनेल पाहिजे. बसले दोघं एकमेकांचं तोंड बघत. हा बग नाही, ही माझी कॉन्फिगरेशन.

एनटीपी टनेलच्या बाहेर काढलं, नव्वद टक्के काम झालं. उरलेल्या दहा टक्क्यात खरा बग निघाला. टनेलवर लक्ष ठेवणारं एक छोटं पॅकेज मी टाकलं होतं (नाव नाही सांगत, त्या माणसाने बिचाऱ्याने फुकटात लिहिलंय), त्याची स्क्रिप्ट चालू होताना घरच्या राउटरचं डीएनएस नाव (ज्यावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता मिळतो) एकदाच शोधायची, आणि नेट अजून आलेलं नसेल तर गप्प मरून जायची. सिमचं नेट यायला आमच्याकडे चाळीस सेकंद लागतात. पुण्यातल्या फायबरवर हे कधीच दिसणार नाही, म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. पहिल्या पॅचसाठी विषय असाच पाहिजे, जो तुम्हालाच टोचतोय आणि तुम्ही हवा तेव्हा परत घडवून दाखवू शकता. नुसतं स्पेलिंग दुरुस्त करून नाव लावायला जाऊ नका, लोक ओळखतात.

मग कुठे पाठवायचं हे बघा, कारण ओपनडब्ल्यूआरटी एका जागी नाही. मूळ रेपोमधे (कोडच्या भांडारात) कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर, नवीन राउटरचा सपोर्ट, नेटवर्कची पायाभूत पॅकेजं. वरची बाकी सॉफ्टवेअरं पॅकेजेस नावाच्या वेगळ्या फीडमधे, म्हणजे पॅकेजांच्या वेगळ्या संचात. ब्राउझरमधे दिसणारं सेटिंगचं पान म्हणजे लुसी, त्याचा वेगळा रेपो. बॅटमॅन, बेबल असल्या मेश नेटवर्कच्या वस्तू राउटिंग फीडमधे. राउटरवर चालू असलेली फाइल कुठल्या पॅकेजची आहे ते आधी शोधा, मग त्या पॅकेजच्या फोल्डरमधे गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) लॉग लावून शेवटचे वीस-पंचवीस कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, निवांत वाचा. हे करा म्हणजे कराच. तिथले लोक कसं लिहितात, काय मान्य होतं, कोणाचं नाव सारखं दिसतं, सगळं तिथेच कळतं, कुठलाही क्लास लावायची गरज नाही.

आता बिल्डचं, म्हणजे सोर्स कोडपासून राउटरचं सॉफ्टवेअर बांधायचं सांगतो. कमांडा मी बोलतो तशाच लिहितोय, टाइप करताना तुम्हाला कळेलच. उबंटू किंवा डेबियन असलेला लॅपटॉप घ्या, वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी ठेवा. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर पण होतं पण तिथे विंडोजचे पाथ आत घुसतात, त्यात स्पेस असते आणि बिल्ड भलत्याच जागी फुटतं, माझा एक मित्र दोन दिवस डोकं धरून बसला होता, पाथमधून ते विंडोजवाले काढून टाकले की चालतं. फोल्डरच्या नावात पण स्पेस नको. आणि हे सगळं साध्या युजरने करा, रूट (सगळे हक्क असलेला युजर) होऊन नाही.

गिट क्लोन, मग स्क्रिप्ट्स फोल्डरमधली फीड्स स्क्रिप्ट आधी अपडेट मायनस ए आणि मग इन्स्टॉल मायनस ए ने चालवा, मग मेक मेन्यूकॉन्फिग, त्यात आपल्या राउटरचा टार्गेट (तो कुठल्या चिपवर चालतो ते) निवडायचा, आणि मग लगेच मेक नका मारू. आधी मेक डाउनलोड मारा. सगळे सोर्स डीएल फोल्डरमधे उतरवून ठेवतो, रात्री जेवल्यावर लावून झोपा, सकाळी लाइट असो नसो, नेट असो नसो, बिल्ड लॅपटॉपच्या बॅटरीवर सुरू तरी होतं. पहिलं बिल्ड जुन्या लॅपटॉपवर काही तास खातं कारण कंपायलरसुद्धा ते स्वतःच बांधतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे असताना दुपारी बिल्ड लावलं तर लॅपटॉपवर पापड भाजता येतात, पहाटे लावा. फुटलं तर मेक मायनस जे वन, व्ही इज इक्वल टू एस, म्हणजे एकेक काम करतो आणि नेमकी चूक डोळ्यासमोर येते.

पण खरं सांगू का, एखाद्या पॅकेजची स्क्रिप्ट दुरुस्त करायची असेल तर हा सगळा घाट कशाला. एसडीके (पॅकेज बांधायचा संच) मिळतो तयार, त्यात कंपायलर आधीच बांधलेला असतो, तुमच्या राउटरच्या टार्गेटचा उतरवा, एकच पॅकेज कंपाइल करा, एससीपीने (नेटवर्कवरून फाइल कॉपी करायची कमांड) राउटरवर टाका, बसवा. २४.१० पर्यंतच्या रिलीजला पॅकेज बसवायला ओपीकेजी आहे, मेन शाखेत (जिथे नवीन काम जमा होतं) २०२४ च्या शेवटी त्याजागी एपीके आलं, तेव्हा जुनी ट्यूटोरियलं बघून ओपीकेजी-ओपीकेजी करत बसू नका.

टेस्टला जुना राउटर वेगळा घ्या, घरातला चालू राउटर नको, मी केलंय आणि घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. सेकंडहँड घेताना १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम बघून घ्या, ८ आणि ६४ वाल्याचं आयुष्य संपत आलंय, ४ आणि ३२ तर भंगारात. अडकला तर फेलसेफ मोड असतो, चालू होताना दिवा लुकलुकायला लागला की बटण दाबायचं आणि लॅपटॉपवरून १९२.१६८.१.१ ला जायचं. तेही नाही जमलं तर आत बोर्डावर सीरियलच्या पिना असतात, यूएसबी-टीटीएल वायर लावायची, बहुतेक राउटरला स्पीड १,१५,२०० असतो, वायर ३.३ व्होल्टचीच पाहिजे आणि फक्त तीन तारा, ग्राउंड, आरएक्स, टीएक्स. व्हीसीसी जोडू नका. जोडली की राउटरचा पेपरवेट होतो.

आता माझी खरी फजिती. मी स्क्रिप्टमधे बदल केला, चार वेळा प्रयत्न कर, मधे थांब, आणि नावांची यादी ठेवायला झोकात ॲरे वापरला. लॅपटॉपवर चालवली, पळाली. पुल रिक्वेस्ट (गिटहबवर "माझा बदल घ्या" अशी विनंती) टाकली. दुसऱ्या दिवशी मेंटेनरचा, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याचा, एका ओळीचा प्रश्न, कुठल्या राउटरवर चालवून पाहिलं? मी कुठल्याच नव्हतं पाहिलं. मग राउटरवर टाकली तर पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर, कारण लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवायला बॅश नावाचं शेल आहे आणि राउटरवर बिझीबॉक्सचा छोटा ॲश, त्याला ॲरे माहीतच नाही. घरी एकटाच असून लाज वाटली. तेव्हापासून शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं टूल) मारल्याशिवाय आणि खऱ्या डब्यावर तीनदा प्लग काढून-लावून बघितल्याशिवाय काही पाठवत नाही. पॅकेजेस फीडमधे पुल रिक्वेस्टमधे विचारतातच, कशावर कंपाइल केलं, कशावर चालवलं, कुठलं व्हर्जन. ते रकाने खरे भरा. "चालायला पाहिजे" असं लिहू नका.

त्याच पुल रिक्वेस्टमधे आपोआप होणाऱ्या तपासणीत अजून दोन गोष्टी लाल झाल्या होत्या. मी आळस करून गिटहबच्या पानावरच फाइल एडिट केली होती, त्यामुळे कमिटमधे माझ्या ईमेलच्या जागी गिटहबचा तो नो-रिप्लायवाला पत्ता गेला, आणि साइन्ड-ऑफ-बाय ची ओळ नव्हतीच. ही ओळ म्हणजे नुसती सही नाही. २००४ पासून लिनक्सने पद्धत पाडलीय, त्या ओळीचा अर्थ हा की हा कोड माझा आहे किंवा मला द्यायचा हक्क आहे आणि तो या लायसन्सखाली जातोय हे मला मान्य आहे. तेव्हा कंपनीचा कोड उचलून आणलेला असेल किंवा स्वतःला समजावून सांगता येत नाही असा कुठून चिकटवलेला असेल तर ती सही करू नका. गिट कमिट मायनस एस मारलं की ओळ आपोआप येते, फक्त गिट कॉन्फिगमधे खरं नाव-आडनाव आणि चालू ईमेल टाकून ठेवा. जळगावकिंग९९ असलं काही नको.

कमिट मेसेज हा सगळ्यात महत्त्वाचा, यावर मी कोडपेक्षा जास्त वेळ घालवला. पहिल्या ओळीत आधी पॅकेजचं नाव, कोलन, मग काय केलं ते, साठ अक्षरांच्या आत. मग एक ओळ रिकामी. मग खाली का केलं ते, ओळ पंचाहत्तर अक्षरांना मोडायची. माझा पहिला मेसेज होता "स्क्रिप्ट दुरुस्त केली". म्हणजे केळीच्या गाडीवर "माल" लिहिण्यासारखं, सगळ्यांना दिसतंय की माल आहे, कुठला, किती, कोणाचा ते सांग ना. दुसऱ्यांदा मी असं लिहिलं, इंग्रजीत अर्थातच पण साधारण असं:

"चालू होताना नाव सापडलं नाही तर स्क्रिप्ट बंद पडते आणि परत प्रयत्न करत नाही. मोबाइल नेटवर जोडणी यायला तीस ते चाळीस सेकंद लागतात, त्यामुळे वीज गेल्यावर टनेल कायमचा बंद राहतो. म्हणून नाव सापडेपर्यंत थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. अमुक राउटरवर, तमुक व्हर्जनवर दहा वेळा वीज काढून पाहिलं, दहाही वेळा टनेल आला."

समोरचा माणूस जर्मनीत नाहीतर कुठे बसलाय, त्याच्याकडे रोज लाइट जात नाही, त्याला मामाची मोटारीची खोली या चार ओळींतूनच दिसणार. इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, छोटी वाक्यं लिहा. इंग्रजी सुधारून देणारे भेटतात, तुमच्या बागेत काय झालं ते कोणी सांगू शकत नाही.

बाकी बारीक गोष्टी भराभर. बदल कायम मेन शाखेवर करायचा, रिलीजच्या शाखेवर नाही, तिथे नंतर मागे नेतात. पॅकेजच्या मेकफाइलमधे पीकेजी-रिलीज चा आकडा एकने वाढवा, नाहीतर लोकांच्या राउटरला कळणारच नाही की काही नवीन आलंय, आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जनच बदललं तर तो आकडा परत एकवर आणि हॅश (सोर्स फाइल तीच आहे ना हे ओळखायचा आकडा) नवीन. मूळ सी कोड बदलायचा असेल तर तो सरळ बदलता येत नाही, पॅचेस फोल्डरमधे पॅच फाइल ठेवावी लागते आणि त्यासाठी क्विल्ट नावाचं टूल आहे, शिकायला अर्धा तास. एका कमिटमधे एकच काम, जाता जाता दुसऱ्याच्या स्पेस-टॅब नीट करू नका. आणि मेन शाखा पुढे गेली म्हणून ती आपल्या शाखेत मर्ज करू नका (मिसळू नका), रिबेस करा (आपले कमिट नव्या मेनच्या टोकावर परत बसवा), मर्ज कमिट दिसला की परत पाठवतात.

रिव्ह्यू आला की जीवाला लावून घेऊ नका. "हे का?" एवढंच लिहिलं असेल तर तो रागावलेला नाही, त्याला खरंच का ते विचारायचंय, तिथे नमस्कार-चमत्कार नसतात एवढंच. पटलं तर बदला, नाही पटलं तर कारण सांगा. बदल केला की त्याच कमिटला अमेंड करून (तोच बदलून) त्याच शाखेवर फोर्स-पुश (जुन्याच्या जागी नवीन चढवायचा), नवीन पुल रिक्वेस्ट उघडायची नाही, "रिव्ह्यूप्रमाणे बदल" असे वरती वरती कमिट रचायचे नाहीत. आणि मग थांबायचं. हे लोक नोकरी सांभाळून करतात. मी बारा दिवस थांबलो, मग नम्रपणे एक ओळ टाकली, त्यावर उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी "सर प्लीज मर्ज" लिहिणारी पोरं मी पाहिलीत, ते नका करू, सर तर अजिबात नको.

एखाद्याचं दुखणं थेट ड्रायव्हरमधे असेल तर तो पॅच ओपनडब्ल्यूआरटीला न देता आधी लिनक्सच्या नेटवर्किंगवाल्यांकडे न्यावा हे चांगलं, ओपनडब्ल्यूआरटीत तो बॅकपोर्ट म्हणून (नवीन कर्नलमधून जुन्यात आणलेला) नंतर येतो. तिथली शिस्त अजून कडक. पुल रिक्वेस्ट नाही, गिट सेंड-ईमेल ने साधा मजकूर पाठवायचा, ब्राउझरमधल्या मेलमधे पेस्ट केलं की टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही. आधी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. दुरुस्ती असेल तर ईमेलच्या विषयात "नेट" लिहायचं, नवीन काम असेल तर नेट-नेक्स्ट, आणि नवीन कर्नलची मर्ज विंडो (नवीन काम त्यात घ्यायचा काळ) चालू असते ते साधारण दोन आठवडे नेट-नेक्स्ट बंद असतं, तेव्हा पाठवलं तर सरळ परत. दुरुस्तीत फिक्सेस ओळ पाहिजे, कुठल्या कमिटने बिघडवलं त्याचे पहिले बारा अक्षरं आणि शीर्षक. एका मालिकेत पंधराच्या वर पॅच नको, आणि दुसरं व्हर्जन निदान चोवीस तास थांबून पाठवायचं, म्हणजे बाकीच्यांना बघायला वेळ मिळतो. फंक्शनच्या वरच्या व्हेरिएबलची लांब ओळ आधी, छोटी नंतर, उलट्या ख्रिसमसच्या झाडासारखी. मला आधी वाटलं मस्करी करताहेत, नाही, खरंच मागतात.

माझा पॅच पाचव्या आठवड्यात मर्ज झाला. सकाळी मोबाइलवर जांभळा ठिपका दिसला, बायकोला दाखवला, ती म्हणाली बरं मग पैसे किती. मेनमधे गेला म्हणजे लगेच रिलीजमधे येत नाही हे मला तेव्हा कळलं, रिलीजच्या शाखेसाठी चेरी-पिक (तेवढाच कमिट उचलून दुसऱ्या शाखेत नेणं) मायनस एक्स करून वेगळी पुल रिक्वेस्ट टाकावी लागली, मायनस एक्स ने मूळ कमिटचा नंबर मेसेजमधे राहतो, ती मात्र दोन दिवसांत झाली.

मग एका रविवारी मामाच्या बागेत लॅपटॉप घेऊन गेलो, म्हटलं हाताने टाकलेली स्क्रिप्ट काढतो आणि खरं पॅकेज अपडेट करतो, दहा मिनिटांचं काम. मामा पेटीजवळ उभा, "आज रातची लाइट हाये, बारं द्यायचंय, मोटारीच्या खोलीत तुह्या वायरी नको पसरू, उद्या ये."